ऑरोरा ८८ हे फाउंटन पेन जुनं की नवं, कसं ओळखायचं?

टोपण काढा आणि निब बघा, निब जवळजवळ पूर्ण आत लपलेली असेल, फक्त टोक बाहेर आलेलं, तर ते जुनं ८८, आणि मोठी उघडी निब असेल तर ते कंपनीने नंतर त्याच नावाने काढलेलं, विकणारा काहीही सांगू दे. मूळ ८८ इटलीतल्या तुरिनच्या ऑरोरा कंपनीने १९४७ मध्ये आणलं, डिझाइन मार्चेल्लो निझोलीचं, तोच ऑलिव्हेट्टीच्या लेटेरा २२ टाइपरायटरवाला. माझ्या हातून अशी दहाबारा पेनं गेलीत, त्यावरून सांगतो, मी आधी बॅरल तिरकं धरून बारीक कोरलेली अक्षरं वाचतो:

- नुसतं ८८: पहिलं मॉडेल
- ८८के: पन्नाशीच्या दशकातलं
- ८८पी: त्याच्याही नंतरचं

अक्षरं पुसट असतील तर ती बहुधा वापराने झिजलीत किंवा कुणीतरी पॉलिश मारलंय, आणि कलेक्टरच्या हिशेबात तिथेच भाव पडतो. मागची नॉब हलक्या हाताने फिरवून पिस्टन, म्हणजे शाई आत ओढणारा दट्ट्या, सरकतो का बघा, अडकला तर जोर लावू नका आणि गरम पाण्यात तर अजिबात बुडवू नका, काळं सेल्युलॉइड आहे ते, उष्णतेने खराब होणारं जुन्या काळचं प्लास्टिक.

एक मात्र आहे, जुनं म्हणजे दुर्मिळ असं नाही, काळं ८८ त्या काळी ढिगाने विकलं गेलं, आणि टोपणं-निबा इकडच्या तिकडे बसवलेल्या असतात, त्यामुळे नुसत्या बॅरलवर जाऊन पूर्ण पेन ओरिजिनल धरू नका.