हॅरिस पार्कला खोली घेण्याआधी

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न सरळ आहे. कॉलेज पॅरामॅटाला, खोली हॅरिस पार्कला मिळतेय, भाडं परवडतंय, पण घरचे म्हणतात, "तिथं सगळे आपलेच. मग एवढ्या लांब गेलीस कशाला?" माझं उत्तरही सरळ आहे. खोली घे. पण आपण कुठे राहायला चाललोय ते आधी नीट समजून घे. पश्चिम सिडनीत इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय की वस्तीशी ओळख करून न घेता राहणारी मुलं इथं लवकर एकटी पडतात, मग शेजारी सगळे गुजराती-मराठी असोत की कोणी का असेनात.

हॅरिस पार्क म्हणजे सिडनीच्या मुख्य शहरापासून वीसेक किलोमीटर पश्चिमेला, पॅरामॅटाला अगदी खेटून असलेला छोटासा भाग. अर्ध्या तासात पायी पालथा घालता येतो. वस्ती पाच हजारांच्या आसपास, आणि २०२१च्या जनगणनेत त्यातले निम्म्याच्या जवळपास लोक भारतात जन्मलेले होते. विग्रॅम स्ट्रीटवर संध्याकाळी उभी राहिलीस तर गुजराती, पंजाबी, तेलुगू, नेपाळी, हिंदी, सगळं एकदम कानावर पडेल. जुनी बैठी घरं आहेत, त्यांच्या पुढच्या अंगणात खुर्च्या मांडून डोसा, चाट, पानाची दुकानं. २३ मे २०२३ रोजी सिडनीच्या ऑलिम्पिक पार्कमधल्या मोठ्या सभेत अल्बानीझ आणि मोदी या दोन पंतप्रधानांनी मिळून या भागाला 'लिटल इंडिया' म्हणून मान्यता जाहीर केली. त्याचं कौतुक मलाही आहे. पण ती मान्यता २०२३ची आणि ही जमीन फार जुनी, हे विसरू नकोस.

तुझ्या कॉलेजात कुठलाही कार्यक्रम सुरू होताना या जमिनीच्या मूळ मालकांचा उल्लेख होईल. नव्या मुलांना तो उपचार वाटतो. इथं ते लोक म्हणजे धारुग भाषिकांपैकी बरामट्टगल. पॅरामॅटा हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. नदी, तिच्यातले ईल मासे, काठचं रान हे त्यांचं घर. १७८८च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रज इथं वसाहत करायला आले. पुढच्याच वर्षी सिडनीच्या परिसरात देवीची साथ आली आणि मूळ रहिवासी मोठ्या संख्येनं मेले. त्याच वर्षी, म्हणजे नोव्हेंबर १७८९ मध्ये, गव्हर्नर फिलिपनं जेम्स रूज नावाच्या शिक्षा भोगून झालेल्या शेतकऱ्याला इथली जमीन कसायला दिली. एक माणूस स्वतःच्या कष्टावर पोट भरू शकतो का, हे त्याला बघायचं होतं. रूजनं ते करून दाखवलं आणि ३० एकरांची मालकी मिळवली. ऑस्ट्रेलियाच्या शाळेत हा धडा यशोगाथा म्हणून शिकवतात, आणि कष्ट खरेच होते. पण ते ३० एकर रिकामे नव्हते. पेमुलवय नावाचा, मूळ रहिवाशांच्या बिजिगल कुळातला योद्धा याच मुलखात वसाहतीशी वर्षानुवर्षं लढला. १७९७ साली पॅरामॅटात त्याच्यावर गोळ्या झाडल्या, तरी तो वाचला, आणि १८०२ मध्ये मारला गेला. त्याचं शिर इंग्लंडला पाठवलं गेलं. आजतागायत ते सापडलेलं नाही. आपणही परकीय सत्तेखाली राहिलेल्यांची नातवंडं आहोत. ही गोष्ट आपल्याला चटकन कळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

रूजनं ती जमीन १७९३ मध्ये ४० पौंडांना जॉन हॅरिस या लष्करी सर्जनला विकली. हॅरिस पार्क ते हेच हॅरिस. आयर्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस ऑस्ट्रेलियात येण्याआधी नौदलाच्या नोकरीत हिंदुस्थानच्या बाजूला राहून आला होता. त्यानं बांधलेली एक्स्पेरिमेंट फार्म कॉटेज रूज स्ट्रीटवर आजही उभी आहे. जाऊन बघ. बुटकं छप्पर, तिन्ही बाजूंनी ओसरी, उन्हापासून भिंत वाचवायची युक्ती. कंपनी सरकारच्या हिंदुस्थानातल्या बंगल्याची ही धाटणी आहे, आणि तज्ज्ञही ती तशीच ओळखतात. विग्रॅम स्ट्रीटवर पहिला डोसा तव्यावर पडण्याच्या दीड शतक आधी आपल्याकडची सावली या गावात येऊन बसली होती.

तिथून एलिस स्ट्रीट गाठ. या एका रस्त्यावर मला या वस्तीचं सगळं मर्म दिसतं, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. एका टोकाला आहे 'अवर लेडी ऑफ लेबनन' हे लेबनीज ख्रिश्चनांच्या मॅरोनाइट पंथाचं कॅथेड्रल. लेबननमध्ये १९७५ ला यादवी पेटली, १९९० पर्यंत चालली. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियानं लेबनीज निर्वासितांसाठी नियम काही काळ सैल केले आणि हजारो कुटुंबं सिडनीच्या पश्चिम भागात आली. आज तू ज्या फ्लॅटमध्ये राहायचा विचार करतेयस, तसल्याच फ्लॅटांत आपल्याआधी ती माणसं राहिली. ईस्टरच्या आठवड्यात एकदा तिथं जा. अरबीतली प्रार्थना, काळ्या कपड्यातल्या आज्या, बाहेर रस्त्यापर्यंत उभी असलेली गर्दी. कोणी हटकणार नाही.

त्याच रस्त्यानं पुढे गेलीस की, पत्त्यात रोझहिल लागतं तिथं, एलिझाबेथ फार्म आहे. १७९३ मध्ये बांधायला घेतलेलं हे घर, आणि त्यातला काही भाग म्हणजे ऑस्ट्रेलियात अजून उभी असलेली सर्वांत जुनी युरोपीय इमारत. घर जॉन मॅकार्थर या लष्करी अधिकाऱ्याचं म्हणून सांगतात, पण नाव बायकोचं आहे आणि मी तरी तिचंच मानते. नवरा १८०९ ते १८१७ इंग्लंडमध्ये अडकून पडला होता. तेव्हा मेंढ्या, लोकर, हिशेब, मुलं सगळं एलिझाबेथनं सांभाळलं. ज्या लोकरीवर पुढं या देशानं पैसा कमावला तिचा पाया घालणाऱ्यांत ती आहे. या संग्रहालयात दोऱ्या नाहीत, 'हात लावू नका'च्या पाट्या नाहीत. खुर्चीत बसता येतं, पुस्तक हातात घेता येतं. परीक्षेचा ताण आला की तिथल्या ओसरीवर जाऊन बस. मी माझ्या ओळखीच्या सगळ्या मुलांना हेच सांगते.

आता आपण इथं कसे आलो ते समजून घे. १९०१च्या कायद्यानं या देशानं गोऱ्या नसलेल्यांना दार बंद केलं होतं. बंदरावर उतरणाऱ्याला कुठल्याही युरोपीय भाषेतली पन्नास शब्दांची श्रुतलेखनाची परीक्षा द्यायला लावता यायची, आणि अधिकारी मुद्दाम अशी भाषा निवडायचा की माणूस नापासच व्हावा. ही परीक्षा १९५८ मध्ये गेली, आणि वंशावरून निवड करणं १९७३ मध्ये पूर्ण थांबलं. म्हणजे तुझ्या आजीच्या तरुणपणी तुला इथं येऊन कायमचं राहणं जवळपास अशक्य झालं असतं. दार उघडलं ते आपोआप नाही. ते उघडावं म्हणून इथल्याच पुष्कळ माणसांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला.

आपली मुलं इथं मोठ्या संख्येनं आली ती २००० नंतर. भाडं स्वस्त, दारात रेल्वे स्टेशन, पॅरामॅटात नोकऱ्या. त्या काळात स्वयंपाक किंवा केशकर्तनाचा कोर्स केला की कायम वास्तव्याची वाट मोकळी व्हायची, म्हणून अशी छोटी कॉलेजं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली होती. पुढं नियम बदलले आणि कितीतरी बंद पडली. मुलांची फी आणि वर्षं दोन्ही गेली. २००९ मध्ये मेलबर्न आणि सिडनीत भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, आणि जूनमध्ये हॅरिस पार्कच्या रस्त्यांवर आपली पोरं रात्री-रात्री उतरली. राग लेबनीज तरुणांवर निघाला होता. मला त्या दिवसांतली सगळ्यात वाईट गोष्ट ही वाटते की एकाच गल्लीत राहणारे दोन समाज एकमेकांना नावानं ओळखत नव्हते. रात्रपाळी संपवून एकटं चालत येणारी मुलं आणि त्यांना 'हे आत्ताच आलेले' म्हणणारी मुलं. तू राहायला गेलीस की तुझ्या मजल्यावरच्या प्रत्येकाचं नाव माहीत करून घे. खाली लेबनीज बेकरी दिसली तर झातार मसाला लावलेली गरम मानूश, म्हणजे त्यांची चपटी रोटी, घे आणि गल्ल्यावरच्या बाईशी दोन शब्द बोल. दिवाळीला आपल्या फराळाचं ताट आपल्याच माणसांत फिरवू नकोस, बाजूच्या दाराशी ने.

आता ज्यासाठी मला खरी काळजी वाटते ते. "आपला माणूस आहे" या एका वाक्यावर इथं सगळ्यात जास्त मुलं फसतात. खोली देणारा आपला, काम देणारा आपला, म्हणून कागद कोणी मागत नाही.

खोलीचं आधी. न्यू साउथ वेल्समध्ये डिपॉझिट, इथं त्याला बाँड म्हणतात, चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तो सरकारकडे जमा व्हायला हवा. जमा झाल्याचा नंबर तुझ्याकडे असलाच पाहिजे. तू मूळ भाडेकरूकडून एक खोली घेत असशील तर लेखी करार मागच. लेखी नसेल तर भाडेकरूचा कायदा तुला बहुधा संरक्षण देत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. एका खोलीत चार गाद्या दिसल्या तर तिथूनच परत फिर, भाडं कितीही कमी असो. आणि छतावरचा धुराचा अलार्म कोणी फोडणीसाठी प्लास्टिकनं झाकून ठेवला असेल तर ते काढायला सांग. ते बेकायदा तर आहेच, पण लाकडी पोटमाळ्याच्या जुन्या घरांत ते जिवावर बेततं.

कामाचं दुसरं. टर्म चालू असताना विद्यार्थी व्हिसावर पंधरवड्याला ४८ तास, त्यापुढे नाही. हॉटेलवाला रोख पैसे देतो म्हणाला आणि पगाराची पावती दिली नाही, तर तो तुला किमान वेतनाहून कमी देणार आहे असं धरून चाल. कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या, कामगाराला मूळ दराच्या वर २५ टक्के जादा मिळतात, तेही विचार. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं वर्षभर अर्ध्या दरानं भांडी घासली, कारण मालकानं "तक्रार केलीस तर व्हिसा रद्द करवीन" असं सांगितलं होतं. मालकाला व्हिसा रद्द करता येत नाही, ते फक्त सरकारचं खातं करू शकतं. फेअर वर्क ओम्बड्समन या पगाराच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे नाव न देताही माहिती देता येते. मुलानं शेवटी तिथं फोन केला, आणि थकलेले पैसे त्याला मिळाले. तुझ्या तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेव. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ.

मराठी माणसं हॅरिस पार्कला कमी भेटतील, ती बाकीच्या उपनगरांत पांगलेली आहेत. गणपतीत शाळांच्या सभागृहांत ती एकत्र येतात. तुला मी घेऊन जाईन. पण आठवड्याचे बाकी सहा दिवस तुझे शेजारी जे असतील तेच तुझे.

या शनिवारी खोली बघायला जाणार असशील तर संध्याकाळी सातनंतर जा. दिवसा शांत वाटणारी खोली रेल्वेच्या बाजूची असेल तर तेव्हाच कळतं. कराराचा कागद मिळाला की सही करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो मला पाठव. रविवारी सकाळी मी घरी आहे. फोन कर, आपण दोघी मिळून वाचू.

तुझी,
मावशी