विचारा काकूंना : पंख एक, सॉस बावीस

मागच्या अंकात जाता जाता मी एवढंच लिहिलं होतं की बडोद्याच्या फतेगंजमधे विंग्सचं, म्हंजे कोंबडीच्या तळलेल्या पंखांचं, एक टेकअवे निघालंय, बसायला जागा नाही पण सॉस मात्र बावीस प्रकारचे, आणि मी जाऊन आले. झालं! या महिन्यात पत्रं काय, व्हॉट्सॲप काय, सगळीकडे तेच. उपासाच्या थालीपिठाबद्दल एकानेही विचारलं नाही. म्हटलं चला, आज कोंबडी तर कोंबडी.

काकू, नमस्कार. वय ६८, राहणार दांडिया बाजार. नातवाने विंग्स खायला नेलं. पाटीवर बावीस नावं, त्यात 'बफेलो' वाचून मी दोन पावलं मागेच सरकलो. काउंटरवरचा पोरगा विचारतो बोन-इन का बोनलेस, वेट का ड्राय, माइल्ड का हॉट, आणि मागे ही लाइन. मी म्हटलं बाबा साधं दे, तर म्हणतो अंकल साधा कोई सॉस नहीं है. शेवटी नातवानेच काय ते मागवलं. पुढच्या खेपेला माझं मला मागवता आलं पाहिजे, एवढंच.

काका, आधी ती म्हैस बाजूला बांधू. बफेलो हे गावाचं नाव आहे हो, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, नायगाऱ्याच्या धबधब्याजवळ. तिथल्या अँकर बारमधे १९६४ साली टेरेसा बेलिसिमो नावाच्या बाईंनी पंख तळून त्यावर तिखट सॉस आणि लोणी घातलं असं सांगतात. तोवर पंख म्हंजे सूप उकळायला टाकायचा माल, त्याला कोण विचारतंय. त्याच गावात जॉन यंग नावाचे एक गृहस्थही होते, त्यांचं म्हणणं विंग्स आधी आमच्याकडे मिळायच्या, अख्खा पंख पीठ लावून तळलेला आणि वर त्यांचा मांबो सॉस. म्हंजे भांडण तिथेही आहेच, आपल्याकडे मूळ सेव उसळ कुणाची यावरून होतं तसं.

आणि तुम्ही विंग्स पहिल्यांदा खाल्ल्या असं समजू नका. चायनीजच्या गाडीवरचं लालभडक लॉलीपॉप खाल्लंय ना कधी? तो पंखच असतो, खांद्याकडचा तुकडा घेऊन मांस वर सरकवलेला. पंखाचे तीन भाग, खांद्याकडचा जाड तुकडा, मधला चपटा दोन हाडांचा, आणि टोक, ज्यात खायला काही नसतं म्हणून ते काढून टाकतात. एका कोंबडीचे दोन पंख, म्हंजे दुकानातले चार पीस. मी बारा पीस आणले तेव्हा तीन कोंबड्या कामाला लागल्या होत्या, हा हिशोब मी घरी आल्यावर केला आणि जरा गप्प बसले.

आता सॉस. नावं बावीस असली तरी घरं चारच आहेत. पहिलं घर लोणी आणि आंबट-तिखट मिरची सॉसचं, बफेलो वगैरे, माइल्ड-हॉट काय ते बहुतेक यातच. यात व्हिनेगर चांगलंच असतं, त्यामुळे तिखटाआधी आंबट लागतं, ज्यांना लोणच्याचा खार चाटायला आवडतो त्यांनी डोळे मिटून हेच घ्यावं. दुसरं घर गोड-चिकट, हनी, बार्बेक्यू, तेरियाकी, आणि ते कोरियन, ज्यात गोचुजांग म्हणून तिखट, चिकट तांदूळ आणि सोयाबीन आंबवून केलेली लाल पेस्ट असते. बडोद्यात खप याच घराचा जास्त असणार असं माझं आपलं मत, डाळीतही गूळ खाणारं गाव हे. पण या घरात एक कपटी पाहुणा राहतो, मँगो हबानेरो. पहिला घास आमरस, दुसरा घास आमरस, आणि तिसऱ्याला कान गरम होतात. हबानेरो मिरची तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापात एक लाखापासून साडेतीन लाखापर्यंत जाते, साध्या बाटलीतला टबॅस्को अडीच ते पाच हजारांत असतो, यावरून काय ते समजा. तिसरं घर पांढरं, गार्लिक पार्मेझान वगैरे, नातवंडांना द्यायचं, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. चौथं घर कोरडं, त्याला ते ड्राय रब म्हणतात, सॉस नाहीच, तळलेल्या पंखावर नुसता मसाला. यातलं लेमन पेपर मला सगळ्यात आवडलं, अमेरिकेतल्या अटलांटा शहराचा हा जीव की प्राण, लिंबू आणि भरडलेली मिरी बस. तुम्हाला 'साधं' हवं होतं ना, ते हे.

तर काका, काउंटरवर एवढंच म्हणायचं, "सहा पीस, बोन-इन, लेमन पेपर, आणि बफेलो सॉस वाटीत वेगळा." वेगळा का ते पुढच्या प्रश्नात आहे.

एक मात्र बघून ठेवा, पैसे दिल्यावर मोबाईलमधे डोकं घालू नका. तो आतला मुलगा काय करतो ते बघण्यासारखं असतं. झाऱ्यातून पंख थेट स्टीलच्या मोठ्या वाडग्यात, वर एक पळी सॉस, आणि मग वाडगं हातानेच उडवतो, आपण सुपात दाणे पाखडतो ना अगदी तसं, चार-पाच झटके. पंख वर जाऊन पालथे पडतात आणि आवाज आधी खडखड येतो, मग सॉस लागत जातो तसा थपथप. त्या खडखडचं थपथप झालं की तो थांबतो. मी विचारलं तुला कसं कळतं, तर म्हणाला आंटी, कान से.

आम्ही फतेगंजहून मांजलपूरला घरी आणेपर्यंत विंग्स मऊ पडतात, कव्हर तर ओल्या पापडासारखं निघून येतं. दुकानात विचारलं तर म्हणे आम्ही कुरकुरीतच देतो. खोटं बोलतात का?

नाही हो, खरंच बोलतात, मी दुकानाच्या बाहेर स्कूटीला टेकून पहिला पीस खाल्ला तेव्हा मस्त वाजला होता. चूक अंतराची आहे आणि डब्याची. गरम पंखातून वाफ निघते, डबा बंद, वाफ जाणार कुठे, ती झाकणाला लागून परत पाणी होऊन पंखावरच पडते. वर सॉस आधीच लावलेला, म्हंजे खालून-वरून ओल. आपण गरम पुऱ्या डब्यात घट्ट झाकत नाही, का? तेच.

आता गंमत सांगते. माझ्या डब्याला वाफ जायला दोन भोकं होती, छान गोल पाडलेली, कंपनीने विचार करूनच पाडली असणार. आणि दुकानातल्याने बिलाचं स्टिकर बरोब्बर त्या दोन भोकांवर चिकटवलेलं! मी घरी पोचून बघते तर आत पाऊस पडल्यासारखं. त्यातून माझा स्वतःचा गाढवपणा वेगळाच, हावरटासारखे चार प्रकार एकाच डब्यात घेतले, अकोट्याच्या वळणावर डबा कलला आणि हनी वाहत जाऊन लेमन पेपरला मिळाला. ड्राय रबची आमटी झाली.

तेव्हा मांजलपूरवाल्यांनी असं करा, सॉस वाटीत वेगळा मागा, सेव उसळीबरोबर तरी वेगळी मागतो ना, तशी. स्टिकर सोलून भोकं मोकळी करा, आणि डबा डिकीत कोंबू नका. घरी आल्यावर ओव्हन किंवा एअर फ्रायरमधे १८० ला पाच-सहा मिनिटं, मग वाडग्यात घालून सॉसमधे घोळवा. मायक्रोवेव्ह नको, त्यात कातडं चामड्यासारखं होतं. आणि उरलेले पंख रात्रभर ओट्यावर ठेवायचे नाहीत, दोन तासांच्या आत फ्रिजमधे, आपल्या उन्हाळ्यात तर तासाभरातच.

बोनलेस विंग्स म्हणजे पंखातलं हाड काढतात का? केवढं ते बारीक काम!

कोण काढत बसलंय! तो पंखच नसतो, छातीच्या मांसाचे तुकडे पीठ लावून तळलेले. भजी म्हणा. चवीला वाईट नाही पण त्याला विंग म्हणणं म्हंजे दुधीच्या हलव्याला गाजर हलवा म्हणण्यासारखं. यावर अमेरिकेत केस झालीये बरं का, एका गिऱ्हाइकाच्या घशात बोनलेस विंगमधलं हाड अडकलं, तो कोर्टात गेला आणि २०२४ मधे ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की 'बोनलेस' ही करायची पद्धत झाली, हाड नसेलच अशी हमी नव्हे. तेव्हा चावून खा.

मित्रांनी पैज लावली म्हणून घोस्ट पेपर सॉसचे चार पीस खाल्ले. दीड लिटर पाणी प्यायलो, काही उपयोग नाही. वरून डोळ्याला हात लागला. काकू, प्लीज हसू नका. (हॉस्टेल, एम. एस. युनिव्हर्सिटी)

हसले, सॉरी. बाळा, घोस्ट पेपर म्हंजे आपल्या आसामकडची भूत जोलोकिया, २००७ मधे गिनीजवाल्यांनी तिला जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हटलं होतं, दहा लाख स्कोव्हिलच्या वर. आता तिच्याही पुढच्या आल्यात, पण तुला ही पुरली.

पाण्याने का थांबत नाही ते ऐक. मिरचीतला तिखटपणा म्हंजे कॅप्सायसिन, ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. पाणी प्यायलं की ते फक्त तोंडभर पसरतं. आणि जीभ भाजत नसते बरं, गरम चटका ओळखणाऱ्या ज्या नसा असतात त्यांनाच ते जाऊन चिकटतं, म्हणून मेंदूला वाटतं आग लागली. दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन ते ओढून घेतं, म्हणून दूध, दही, छास. अमेरिकेत विंग्सबरोबर बिअर पितात, आपल्याकडे दारूबंदी, आणि या बाबतीत दारूबंदीवाले फायद्यात आहेत, कारण बिअरने तिखट जात नाही आणि छासने जातं. पुढच्या वेळी दुकानात जाण्याआधी छासच्या दोन पिशव्या घेऊन जा. घोट लगेच गिळायचा नाही, तोंडात घोळवायचा.

डोळ्याचं म्हणशील तर आधी हात साबणाने दोनदा धुवायचे आणि मगच डोळ्यावर भरपूर गार पाणी मारायचं. तू उलटं केलं असणार. लेन्स लावत असशील तर विंग्सच्या दिवशी चष्माच. आणि जळजळ राहिलीच तर डॉक्टर, पैजेच्या मित्रांना विचारत बसू नको.

आमच्याकडे सासूबाई शुद्ध शाकाहारी, गुरुवार-चतुर्थी कडक. पण मुलांबरोबर त्यांनाही काहीतरी मिळावं म्हणून त्या दुकानातले फ्राइज आणि एक सॉस त्यांना आणला तर चालेल ना?

ताई, मला न विचारता आणला असतात तर कदाचित चाललंही असतं, पण विचारलंत म्हणून खरं सांगते. फ्राइज बऱ्याच ठिकाणी त्याच तेलात तळतात. मी विचारलं तर मुलगा आधी नाही म्हणाला, मग मी कढई दाखव म्हटल्यावर इकडेतिकडे बघायला लागला. कढई एकच होती. सॉसचंही तसंच, लाल दिसतो म्हणून शाकाहारी असं नाही. मूळ वूस्टर सॉसमधे अँकोव्हीज म्हणून मासे असतात, थाई प्रकारात फिश सॉस असू शकतो, आणि इटलीचं खरं पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. आपल्याकडे मिळणाऱ्या बाटल्या बऱ्याचदा शाकाहारी असतात पण बाटलीवरचं हिरवं टिंब बघितल्याशिवाय सासूबाईंच्या ताटात नको. त्यांना वाटेत आपला बटाट्याचा लीला चिवडा घ्या, त्या खूश, तुम्हीही सुटलात.

घरी करायचे तर? थोडक्यात सांगा.

चिकनवाल्याला आधीच सांगा, विंग्स कातडीसकट पाहिजेत. आपल्याकडे सवयीने कोंबडी सोलून देतात आणि कातडंच गेलं तर कुरकुरीत काय होणार, कपाळ! धुऊन अगदी कोरडे पुसा, किलोला एक मोठा चमचा बेकिंग पावडर आणि मीठ चोळा, सोडा नव्हे हं, पावडर, नाहीतर साबण लागतो. जाळीवर ठेवून रात्रभर फ्रिजमधे उघडे. दुसऱ्या दिवशी ओव्हनमधे २२० ला पाऊण तास, मधे एकदा उलटा. सॉस माझा असा, पन्नास ग्रॅम लोणी पातळ करायचं, गॅस बंद, मग दोन चमचे घरचा कांदा-लसूण मसाला, एक चमचा व्हिनेगर, चिमूटभर साखर. आमच्याकडे रविवारच्या मटणाच्या जागी एकदा हे केलं तर ह्यांनी दोन वाक्यं ऐकवली, रस्सा कुठाय आणि अजून आहेत का.

काटा-चमच्याने खाल्लं तर दुकानातले हसतील का?

काटा-चमचा ते देतच नाहीत, टिश्यू देतात, तेही तीन. हातानेच खायचं. जाड तुकडा सोपा आहे, मक्याच्या कणसासारखा फिरवत. चपट्या तुकड्याची युक्ती अशी, त्यात दोन हाडं असतात, एक जाड एक बारीक. एका टोकाला दोन्ही हाडं सुटी दिसतात तिथे बारीक हाड चिमटीत धरायचं, जरा पिळायचं आणि ओढायचं, ते अख्खं बाहेर येतं. मग जाडं हाड तसंच. हातात नुसतं मांस उरतं, एका घासाचं. पहिल्या दोनदा तुटेल, तिसऱ्यांदा जमेल. दांडिया बाजारचे काका, हे नातवासमोर करून दाखवा, त्याला येत नसणार.