लाईट गेली होती ते दोन दिवस

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई नमस्कार. मी देवगड तालुक्यातला, वय २३. गेल्या वर्षी बीएमएस झालो आणि मुंबईच्या एका एजन्सीत सोशल मीडियाचं काम मिळालं, घरूनच करतो, १८ हजार देतात. सहा पेज बघतो, त्यात दोन होमस्टे, एक मसालेवाले, एक आंबा विकणारे असे आहेत. कॅप्शन, रील, कमेंटला उत्तरं, महिन्याचा रिपोर्ट, सगळं मीच. काम येतं मला, तक्रार त्याची नाहीये.

तक्रार अशी की मला काहीच छान वाटेनासं झालंय. जानेवारीत आमच्या गावची जत्रा झाली. लहानपणी मी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रात्रभर दशावतार बघायचो, हातात खाजं, संकासुर आला की घाबरून तिच्या पदरात शिरायचो. या वेळी मी ट्रायपॉड लावून उभा. पालखी देवळाभोवती फिरली, माझ्या समोरून गेली, मी अँगल बघत होतो. आजी जवळ येऊन म्हणाली, "बाबू, पाया पडलंस काय रे?" नव्हतो पडलो. लक्षातच नव्हतं. रात्री दोनला घरी येऊन एडिट करत बसलो आणि त्या रीलला २ लाखांवर व्ह्यूज आले, एजन्सीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला एक दिवस बरं वाटलं. पुढच्या रीलला ३ हजार आले आणि मी रात्रभर जागा, दर दहा मिनिटांनी फोन उचलून बघतोय.

बाबांची हापूसची २०० कलमं आहेत. त्यांना माझं काम कळत नाही असं मी म्हणायचो. मी व्ह्यूज दाखवले की ते म्हणतात, "किती पेटी गेली ता सांग." राग यायचा. बाकी ऑफिसात सगळं ठीक आहे, मार्चमध्ये फक्त त्या आंबेवाल्यांचा माल बाहेरून आला होता तरी अस्सल देवगड असं लिहायला सांगितलं, लिहिलं, सगळेच लिहितात.

आता खरं विचारायचं ते. जूनच्या पहिल्या पावसात आमच्याकडे दोन दिवस लाईट नव्हती, टॉवरही बंद, फोन मेलेला. पहिला अर्धा दिवस मी वेड्यासारखा खोलीत फेऱ्या मारल्या. संध्याकाळी चुलत भाऊ म्हणाला वहाळात चढणीचे मासे आलेत, चल. पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढून येतात ते. बत्ती घेऊन गेलो, कमरेएवढ्या पाण्यात भिजलो, दोनदा पडलो, किती हसलो सांगू. रात्री कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा. आजीने पत्त्यांत सगळ्यांना हरवलं. मला आठवत नाही मी इतका गाढ शेवटचा कधी झोपलो होतो. मग तिसऱ्या दिवशी रेंज आली आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला माहितीये? अरे, ते मासे शूट करायला हवे होते. आणि मला रडूच आलं ताई.

मी हे काम सोडू का? घरात माझ्या पगाराची गरज आहे, फवारणीचं कर्ज आहे. आणि ते दोन दिवस परत कसे आणायचे?

उत्तर: तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चढणीच्या माशांसाठी, कारण मीही लहानपणी रत्नागिरीजवळच्या आमच्या पऱ्यात भावांच्या मागे जायचे आणि आईचा मार खायचे. दुसऱ्यांदा तुझ्या प्रश्नासाठी. तिसऱ्यांदा मात्र मी एकाच वाक्यावर थांबले, तू घाईघाईत लिहून पुढे गेलास ते, मार्चमधल्या आंब्यांचं. त्याच्यावर मी येते, पण आधी फोनचं बोलू, कारण ते सोपं आहे.

व्ह्यूजसाठी रात्री जागणं यात तुझा काही दोष आहे असं मानू नकोस. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते, चोच मारली की दर वेळी दाणा मिळाला तर कबुतर पोट भरलं की थांबतं पण कधी मिळेल कधी नाही असं केलं की ते टोचत राहतं, टोचतच राहतं. एका रीलला २ लाख आणि दुसऱ्याला ३ हजार, कारण कोणालाच नीट सांगता येत नाही, म्हणजे हेच झालं ना. आणि तुला तर टोचण्याचाच पगार आहे, त्यामुळे इतरांना फोन बाजूला ठेव सांगणं सोपं, तुला नाही. म्हणून मी तसं सांगणार नाही. मी सांगते कामाचा फोन आणि तुझा फोन वेगळा कर. मेटा बिझनेस सूटमध्ये पोस्ट आधीच लावून ठेवता येतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तर सकाळी दोन तास बसून आठवड्याचं लाव आणि कमेंटची उत्तरं दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा, लॅपटॉपवरून. फोनवरून कामाचे अकाउंट काढूनच टाक. स्वतःच्या अकाउंटवर लाइकचा आकडा लपवायची सोय २०२१ पासून आहे, ती चालू कर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा २०१८ सालचा एक अभ्यास आहे, १४३ विद्यार्थी घेतले होते, त्यातल्या एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज १० मिनिटंच वापरायला सांगितलं, बंद करायला नाही. तीन आठवड्यांत त्यांचा एकटेपणा आणि उदासपणा कमी झाला. १० मिनिटं, बघ, एवढंच.

पण मला नाही वाटत तुझं दुःख एवढ्याने जाईल.

तू कलमांच्या घरात वाढलायस. मोहोर कधी येतो, तुडतुडा पडला की बाबांचा चेहरा कसा होतो, फवारणीला किती पैसे जातात, थंडी नीट नाही पडली तर काय होतं, हे तुला कोणी शिकवावं लागलं नाही. आणि त्याच हातांनी तू बाहेरून आलेल्या आंब्यावर अस्सल देवगड लिहिलंस. त्या प्रत्येक पेटीने तुझ्या बाबांच्या पेटीचा भाव पाडला. तुला हे माहितीये, म्हणूनच ते वाक्य तू "बाकी ठीक आहे" च्या खाली लपवलंस. बाबा किती पेटी गेली विचारतात तेव्हा तुला राग येतो, तो राग मला वाटतं त्यांच्यावरचा नाहीच.

मी तुला नावं ठेवत नाहीये बाळा, मी स्वतः हे केलंय म्हणून ओळखते. मी पंचवीस वर्षांपूर्वी आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, आणि अमृत कोकम करून मुंबईला प्रदर्शनात विकायचे. एका वर्षी माल कमी पडला, मी दुसरीकडून आगळ विकत आणलं आणि बाटलीवर आमचंच लेबल लावलं, घरचं आगळ म्हणून. दादरच्या एक आजी दर वर्षी चार बाटल्या न्यायच्या. त्या पुढच्या वर्षी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मागच्या वेळचं तुमच्या हातचं नव्हतं ना." मी म्हणाले आमचंच होतं, म्हणजे खोटं बोलले, त्या काही न बोलता दोन बाटल्या घेऊन गेल्या. त्या सीझनला माझा धंदा सगळ्यात चांगला झाला होता आणि मला त्यातला एक दिवसही आनंदाचा म्हणून आठवत नाही. घरी कारणं सांगायचे, दगदग होते, पाय दुखतात. कारण ते नव्हतं.

"सगळेच लिहितात" यावरही बोलते कारण ते तुला कायद्यानेही महाग पडू शकतं. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं, भौगोलिक मानांकन, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. बाहेरच्या आंब्याला ते नाव लावणं हा गुन्हा आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. आणि कर्नाटकातला आंबाही कोणीतरी शेतकऱ्यानेच पिकवलेला असतो, त्याला त्याच्या नावाने विकला तर कोणाची काही हरकत नाही, तो वाईट आहे असं माझं म्हणणंच नाही.

तर काम सोडू का? लगेच नको. कर्ज आहे, आणि रागाच्या भरात सोडलेलं काम दोन महिन्यांनी डोक्यावर बसतं. एक ईमेल लिही, साधा, कोणावर आरोप न करता, की यापुढे माल कुठल्या बागेतला आहे हे मला लेखी मिळाल्याशिवाय मी गावाचं नाव लिहिणार नाही. ईमेलच कर, फोनवर बोलू नकोस. चांगली माणसं असतील तर त्यांनाही सुटल्यासारखं वाटेल. नाही म्हणाले तर मग दुसरं बघायला लाग आणि दरम्यान तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेल एवढं जमव. तुझं काम लोकांना हवंय, कोकणात आता किती होमस्टे झालेत बघ, त्यातल्या अर्ध्यांच्या पेजवर दोन वर्षांपूर्वीचे दर आणि बंद पडलेला नंबर असतो.

आणि एक पेज अजून घे, सातवं. बाबांचं.

हे मी उगाच गोड वाटावं म्हणून सांगत नाही, यात तुझ्या कामाचा खरा कस लागेल. आत्ता पाऊस आहे, कलमांत दाखवण्यासारखं फार नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पालवी जून होते, नोव्हेंबर डिसेंबरात मोहोर धरतो, तेव्हापासून सुरू कर. बाबांना कॅमेऱ्यासमोर उभं करून भाषण द्यायला लावू नकोस, ते काम करत असतील ते दाखव आणि ते मालवणीत बोलतात तसंच राहू दे. मोहोर गळाला तर गळाला सांग. यंदा झाडं कमी धरली तर तेही सांग, हापूस एक वर्षाआड कमी धरतो हे मुंबईतल्या लोकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं आंबा कारखान्यात तयार होतो. साक्याबद्दल, म्हणजे आंब्याचा आतला गर खराब होतो त्याबद्दल सांग, की बाहेरून बघून कळत नाही, कापल्यावरच दिसतो, निघाला तर फोटो पाठवा आम्ही दुसरा आंबा देऊ. अढी कशी घालतात, गवतात किती दिवस ठेवायचा, कार्बाइड का नको, हे दाखव. चार महिने ज्या माणसाने हे बघितलं तो एप्रिलमध्ये भावावरून घासाघीस करणार नाही, तो विचारेल पेटी कधी मिळेल.

आणि या पेजचा रिपोर्ट एका वहीत ठेव. त्यात व्ह्यूज लिहूच नकोस. किती जणांनी विचारलं, किती पेट्या गेल्या, मागच्या वर्षीचे किती परत आले, किती तक्रारी आल्या. म्हणजे बाबा पहिल्यापासून जे विचारत होते तेच. मला वाटतं तुझ्या एजन्सीतल्या सगळ्यांपेक्षा मार्केटिंग त्यांना जास्त कळतं.

आता ते दोन दिवस. ते परत आणता येत नाहीत रे, आणि आणायला गेलास तर तेही शूटिंगसारखंच होईल, चला आज आनंद करू. पण जागा ठेवता येते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी झाकतात, माणसं पडवीत बसून जाळी दुरुस्त करतात, गप्पा मारतात, कोणी म्हणत नाही की धंदा बुडाला. माशांची वीण व्हावी म्हणून ते बंद असतं. तशा काही गोष्टी तू बंदीत टाक. जत्रेची रात्र, आजीबरोबरचे पत्ते, चढणीचे मासे, यातलं काहीही कधीच कुठेच टाकायचं नाही, कितीही सुंदर दिसलं तरी. आधीच ठरलेलं असलं की त्या वेळी मनात वाद होत नाही. सुरुवातीला हात खिशाकडे जाईल, जाऊ दे. रेंज आल्यावर तुला रडू आलं ना, ते मला फार चांगलं लक्षण वाटलं, आतला माणूस अजून ओरडतोय म्हणजे तो आहे.

एक मात्र काळजीने सांगते. झोप न येणं, भूक न लागणं, काहीच छान न वाटणं हे दोन आठवड्यांच्या वर रोजच राहिलं तर माझ्या पत्राची वाट बघू नकोस. टेली मानस म्हणून सरकारची फोनसेवा आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पाय मुरगळला तर आपण दाखवतोच की.

आजीला आंब्यांचं सांग. बाबांच्या आधी तिला सांग, ती ओरडेल, मग बाबांना कसं सांगायचं ते तीच सांगेल.

आणि एप्रिलमध्ये तुमच्या बागेतली एक पेटी मला हवी आहे, ५ डझनची. पत्ता संपादकांकडे आहे, पैसे आधी पाठवते, वहीत माझं नाव लिहून ठेव. साका निघाला तर फोटो पाठवेन.