फ्लेक्स लागल्यावर ‘नाही’ म्हणायचं कसं?

मी समुपदेशक. एनडीएची, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, अंतिम निवड यादी लागली की पुढच्या महिन्याभरात माझ्याकडे एखादा तरी मुलगा येतोच. यादीत नाव नाही म्हणून खचलेले वेगळे. मी म्हणतेय ते यादीत नाव असलेले. खुर्चीत बसतात, पाण्याचा ग्लास अर्धा करतात आणि खालच्या आवाजात विचारतात, “मॅडम, मला जायचं नाहीये. कसं कळवायचं?”

साताऱ्यात हा प्रश्न खालच्या आवाजातच विचारला जाणार. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथे निघाली. आमच्याकडे फौजेतून आलेल्या माणसाचा चहा टपरीवाला अजून फुकट देतो. लाखो मुलं परीक्षेला बसतात, जागा साधारण चारशे. लेखीचे ९०० आणि एसएसबीचे (फौजेच्या निवड मंडळाच्या मुलाखत-चाचण्यांचे) ९०० असे १८०० गुणांचे डोंगर चढून आलेला पोरगा ‘नको’ म्हणतो, तेव्हा लोकांना तो माजच वाटतो.

ओंकार (नाव बदललंय, तपशीलही दोघातिघांचे मिसळलेत) आईबरोबर आला. त्याच्या गावच्या चौकात फ्लेक्स लागला होता. मधोमध ‘भावी लेफ्टनंट’ ओंकार, भोवती पुढाऱ्यांचे अकरा फोटो. महिनाभर तो चौक टाळून ओढ्याच्या वाटेने घरी जात होता.

“भीती वाटते का रे?”

“नाही मॅडम. एसएसबीचे पाच दिवस मजेत गेले. दोरी, भिंत, सगळं केलं.”

“उद्या मेडिकलवाल्यांचा फोन आला, चूक झाली, तू अनफिट आहेस, तर?”

तो पटकन म्हणाला, “सुटलो!” आणि आईकडे बघून गप्प झाला.

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. मागे एका मुलाला विचारला तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला जायचंच होतं, फक्त पोहण्याची धास्ती होती. त्याला विहिरीवर पाठवलं, माझ्याकडचं काम संपलं. भीती आणि नावड वरून सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय कुणाला ‘जा’ किंवा ‘नको जाऊ’ सांगू नये, नातेवाइकांनी तर मुळीच नाही.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. माणसाला परिस्थितीपेक्षा त्याच्या डोक्यातला हट्ट जास्त छळतो, असं मानणारी. मराठीत हा हट्ट एका अक्षरात सापडतो. ओंकारला म्हटलं, मनात येतं ते लिही. त्याने लिहिलं, ‘मी जायलाच पाहिजे. आबांना वाईट वाटताच कामा नये. आता मागे फिरणं शक्यच नाही.’ मी पेन्सिल दिली, म्हटलं, सगळे ‘च’ खोड आणि मोठ्याने वाच. दुसऱ्या वाक्याला तो अडखळला. ‘च’ होता तेव्हा ती वाक्यं आज्ञा होत्या. ‘च’ गेल्यावर त्यांच्याशी निदान वाद घालता येऊ लागला.

खरी गाठ सुटली ती तिसऱ्या भेटीत, आणि ती माझ्यामुळे नव्हे. (थोडी माझ्यामुळेही.) एसएसबीतल्या लेखी चाचण्यांबद्दल तो सहज सांगत होता. तिथे स्वतःबद्दल लिहायला लावतात : आईवडिलांचं तुझ्याविषयी मत काय, शिक्षकांचं काय, मित्रांचं काय, आणि तुझं स्वतःचं काय.

“पहिली तीन भराभर लिहिली. चौथ्याला वेळ होता मॅडम, पण सुचेना. मग आबा म्हणतात तेच लिहिलं.”

मी काही बोलले नाही. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. मिनिटभराने ओंकार स्वतःच म्हणाला, “म्हणजे निवड आबांची झाली.”

इतकी वर्षं हे काम करतेय, तरी असं वाक्य समोरून आलं की अंगावर काटा येतो. मला वाटत होतं, हा नकार द्यायची परवानगी मागतोय. त्याला हवा होता त्या चौथ्या प्रश्नाचा कोरा कागद. त्या दिवशी तो तासभर बोलला. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत नंबर लागलाय, मूलभूत विज्ञान शिकायचंय, हे त्याच्या आईनेही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

आता कळवायचं कसं, ते सांगते. नुसता अर्ज भरला असेल आणि मन बदललं, तर परीक्षेला न जाण्याने कुणाचं काही बिघडत नाही, रात्रीची झोप घालवू नका. एसएसबीची तारीख आली असेल तर त्या बोर्डाला लेखी कळवा. जॉइनिंग लेटर आलं असेल, तर ते ज्या कार्यालयातून आलं तिथेच, जमेल तितक्या लवकर. नाव, रोल नंबर, कोर्स, ‘मी रुजू होऊ इच्छित नाही’, निवडीबद्दल आभार. पाच ओळी पुरतात. खोटं आजारपण घालू नका. पत्राची प्रत जपून ठेवा. आणि न कळवता गप्प बसू नका, कारण तुमची जागा मोकळी झाल्याचं कळलं तरच यादीत खाली असलेल्याला बोलावणं जातं.

‘जाऊन तर बघ, नाही जमलं तर परत ये’ हा काकामंडळींचा लाडका सल्ला. तो महागात पडतो. रुजू होताना पालकांकडून बंधपत्र घेतात. मुलगा मनानेच सोडून आला तर प्रशिक्षणाचा खर्च भरावा लागतो. नकार उंबऱ्याच्या अलीकडे स्वस्त असतो.

ओंकारच्या पत्राचा पहिला मसुदा दोन पानी होता. सात वेळा ‘क्षमस्व’ आणि कारण ‘घरगुती अडचण’. मी विचारलं, “अडचण कुणाची?” तो हसला, ती ओळ खोडली. पत्र पाच ओळींवर आलं. पण मी म्हटलं, टपालात टाकायच्या आधी आबांना वाचून दाखव. खरा नकार तिथे द्यायचाय.

आबा फौजेतून क्लार्क हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पुढचं ओंकारने फोनवर सांगितलं. आबांनी पत्र ऐकलं. बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग चष्मा मागितला, कागद हातात घेतला, उरलासुरला एक ‘क्षमस्व’ होता त्यावर काट मारली.

“रोल नंबर वर घे, विषयाच्या ओळीत,” म्हणाले. “आणि आजच्या आज पाठव. मागचा पोरगा खोळंबला असंल.”