गवताखालची इमारत आणि अकरावीचं गणित

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे, गणित घेतलं आहे. आमचं गाव साताऱ्याहून कासला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. उत्तर आयर्लंडमधल्या जायंट्स कॉजवेच्या पर्यटक केंद्राचा व्हिडिओ पाहिला. छतावर गवत, इमारत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते तेच कळत नाही. मला असंच काम करायचंय. बाबा म्हणतात, सिव्हिल घे, आर्किटेक्टला पोटासाठी बंगलेच काढावे लागतात. नक्की काय शिकू?
– एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर :
व्हिडिओत गवत दिसतं, म्हणून सगळ्यांच्या लक्षात गवतच राहतं. पण त्या इमारतीची खरी हुशारी पार्किंगमध्ये आहे.

तिथलं जुनं केंद्र २००० साली आगीत गेलं. नव्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, ती डब्लिनच्या हेनेगन पेंग या फर्मने जिंकली आणि २०१२ मध्ये इमारत खुली झाली. त्यांनी जमिनीला दोन घड्या घातल्या. एक वर उचलली, तिच्याखाली तिकीट, प्रदर्शन, कॅफे. दुसरी खाली दाबली, तिच्यात गाड्या. अशा जागी नजरेला सगळ्यात जास्त टोचतात त्या उन्हात चकाकणाऱ्या गाड्या, इमारत नंतर. भिंतींना त्याच भागातल्या बेसॉल्टचे उभे खांब आहेत. आणि ज्यासाठी लोक येतात ते सुमारे ४०,००० दगडी स्तंभ तिथून साधारण एक किलोमीटर खाली, किनाऱ्यावर. केंद्र त्यांच्या अंगावर जाऊन बसलेलं नाही. (तुझ्या घराखालचा काळा दगडही बेसॉल्टच. तसे उभे स्तंभ बघायला आयर्लंड गाठायला नको, अंधेरीची गिल्बर्ट हिल आहे.)

आता ही इमारत जशीच्या तशी उचलून कासला आणलीस तर? तिकडे पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो, गवत आपोआप हिरवं राहतं. आपल्याकडे चार महिने कोसळतो आणि मग थेंब नाही. जानेवारीत छत पिवळं, मार्चमध्ये वणव्याची भीती, नाहीतर टँकर. शिवाय १५ सेंटीमीटर मातीचा थर पावसात भिजला की दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या वर वजन होतं. नेहमीच्या गच्चीवर माणसांच्या वावरासाठी जेवढा भार धरतात त्यापेक्षा हे जास्त, आणि हे कायमचं. त्याखालचं वॉटरप्रूफिंग गळलं तर सगळी माती उपसल्याशिवाय सापडत नाही. हिरवं छप्पर सरसकट वाईट असं मी म्हणत नाही. पण रिसॉर्टच्या माहितीपत्रकात शोभावं म्हणून घातलेल्या हिरवळीला निसर्गाशी एकरूप म्हणणं मला पटत नाही.

कासबद्दल तर माझं मत स्पष्ट आहे : पठारावर काहीच बांधू नये. जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम थर आहे आणि फुलं त्या थरावरच जगतात. पायाचा एक खड्डा घेतला की तो थर गेला, पाणी मुरण्याची वाटही बदलली. इंग्लंडमध्ये स्टोनहेंजला, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या प्रचंड दगडांच्या स्मारकाजवळ, हाच विचार झाला. २०१३ साली उघडलेलं नवं पर्यटक केंद्र त्या दगडांपासून जवळपास अडीच किलोमीटर लांब ठेवलं, दगडांना खेटून जाणारा डांबरी रस्ता बंद केला आणि त्यावर गवत वाढू दिलं. ती इमारत बारीक खांबांवर पातळ छत टाकून उभी आहे, उद्या काढायची झाली तर जमिनीवर फारसा व्रण राहू नये म्हणून. आपल्याकडे अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने जावं लागतं. लोक कुरकुरतात, पण लेण्यांच्या तोंडाशी हॉर्न वाजत नाहीत. गाड्या कुठे थांबवायच्या हेही डिझाइनच.

व्हिडिओ पुरे, एक इमारत पायाने बघ. भोपाळचं भारत भवन हे कलाकेंद्र, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांचं, १९८२ सालचं. बाहेरून इमारत जवळजवळ दिसत नाही. मोठ्या तलावाकडे उतरणाऱ्या टेकडीत ती पायरीपायरीने खाली गेली आहे. आपण वरच्या गच्चीवरून शिरतो आणि दालनं खालच्या चौकांभोवती सापडतात.

आता अभ्यासाचं. तुझी वाट बी.आर्क.चीच, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीची, पाच वर्षांची. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच, तेव्हा गणित जड गेलं तरी सोडू नकोस. प्रवेशासाठी नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) किंवा जेईई मेनचा पेपर दोन, आणि राज्यातल्या जागा सीईटी सेलच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून भरतात. नियम थोडेफार बदलत राहतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाच, क्लासवाल्यांच्या तोंडी माहितीवर विसंबू नकोस. मुंबईचं सर ज. जी. (जे. जे.) आर्किटेक्चर कॉलेज सरकारी. खासगी कॉलेजांच्या फीमध्ये प्रचंड फरक आहे, फॉर्म भरण्याआधी घरी आकडे मांडा. पुढे लँडस्केप आर्किटेक्चरमध्ये पदव्युत्तर शिक्षण घे. दिल्लीचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, पुण्यात मुलींसाठीचं बीएनसीए हे आर्किटेक्चर कॉलेज असे पर्याय आहेत. उतार, पाणी, माती, झाडं हे विषय तिथे खोलात शिकायला मिळतात.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. सुरुवातीची काही वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात पगार कमी आणि रात्री मोठ्या असतात. बंगले, सोसायट्या, गाळे हीच बहुतेकांची रोजची कामं, पर्यटक केंद्र क्वचित हाती लागतं. पण सिव्हिल करून मग इकडे वळू, हा हिशेब धरू नका. लँडस्केपच्या पदव्युत्तर प्रवेशाला बहुतेक ठिकाणी बी.आर्क. मागतात, आणि ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायला १९७२च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. मात्र आकृत्यांपेक्षा गणितात जीव रमत असेल तर सिव्हिलमधून स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग कर. उतार धरून ठेवणाऱ्या भिंती आणि मातीचं ओझं पेलणारी छतं शेवटी स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्याच आकडेमोडीवर उभी राहतात.

दोन्हीतलं काय जमेल हे आत्ताच तपासता येईल. घरामागचा उतार घे. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरून लेव्हल काढ, दर दोन मीटरला उंची मोज आणि आलेखाच्या कागदावर उताराचा उभा छेद काढ. पावसाळ्यात छत्री घेऊन बाहेर पड आणि पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठे जातं ते त्याच कागदावर निळ्या पेन्सिलने दाखव. मग त्या उतारावर २० माणसांना बसायला एक शेड आखून बघ, पाण्याची एकही वाट न अडवता. कागद बाबांनाही दाखव आणि फोटो काढून मला पाठव. पुढचं त्यावर बोलू.