साहेबांचं नीट ऐकूनही काम चुकतं, काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: साहेब सांगतात तेव्हा सगळं कळल्यासारखं वाटतं, तुम्ही ‘हो सर’ म्हणता, आणि दोन दिवसांनी समजतं की त्यांना भलतंच हवं होतं. लक्ष देऊन ऐकायची सवय कशी लावावी?

तुमचं लक्ष कमी पडतंय असं मला वाटत नाही. घोटाळा त्या ‘हो’मध्ये आहे.

मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. नवा होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या स्टेशनजवळच्या एका गेटचं सिग्नलशी इंटरलॉकिंग नव्हतं, म्हणजे गेट उघडं असतानाही सिग्नल देता यायचा. मधे भरवसा काय तो फोनचा. मी गेटमनला फोन करून गाडीचा नंबर सांगितला, गेट पाड म्हटलं. तो म्हणाला, ‘हो साहेब.’ मी फोन ठेवला आणि सिग्नल द्यायच्या लिव्हरकडे वळलो. शेजारी बसलेले जुने मास्तर चहाचा कप खाली न ठेवताच म्हणाले, ‘नंबर कुठाय?’

हा नंबर म्हणजे प्रायव्हेट नंबर. गेटमनकडे उलटसुलट क्रमाने छापलेल्या आकड्यांचा कागद असतो. गेट बंद करून कुलूप लावलं की त्यातला पुढचा आकडा तो मास्तरला सांगतो, दोघं आपापल्या रजिस्टरात लिहितात आणि तो आकडा खोडला जातो. आकडा मिळाला म्हणजे गेट बंद झालं. मी पुन्हा फोन लावला. पलीकडे जरा वेळ शांतता, मग, ‘साहेब, उसाची ट्रॉली अडकलीय मधे, गेट पडत नाय.’

गेटमन खोटं बोलला नव्हता बरं का. त्याचा ‘हो’ म्हणजे ‘ऐकू आलं’. मी तो ‘गेट पडलं’ असा घेतला. आजीच्या गोष्टीला आपण हुंकारा देतो ना, तसलाच हा ‘हो’.

विमानवाल्यांनी हा धडा फार महागात घेतला. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर विमानतळाच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. एका विमानाने आपण टेक-ऑफला आहोत असं कळवलं, टॉवरमधून ‘ओके’ आलं. पुढचं ‘थांबा’ त्याच क्षणी दुसऱ्या विमानाच्या बोलण्याखाली दबलं. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं, आणि महत्त्वाची सूचना शब्दशः परत म्हणून दाखवण्यावर भर आला.

ऑफिसात एवढं लागत नाही. पण साहेबांचं बोलणं संपलं की ‘हो’ऐवजी कामच परत सांगा: ‘म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत फक्त पुणे विभागाचे आकडे, मागच्या वर्षाची तुलना नको. बरोबर?’ निम्म्या वेळा साहेबच म्हणतील, ‘नाही नाही, तुलना हवीये.’ बघा, दोन दिवस वाचले. काही साहेबांना हे उलट बोलणं वाटतं, त्यांच्यासमोर वही काढायची. ‘लिहून घेतलंय, एकदा वाचून दाखवू का?’ याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आणि काम झाल्यावर ‘झालं’ हे वेगळं कळवा. आधीच्या ‘हो’तच ते आलं असं धरू नका.

तुमच्या हाताखाली कोणी असेल तर ‘समजलं का?’ विचारणं आजपासून सोडा. त्याला एकच उत्तर येतं. मी नव्या पॉइंट्समनला, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणाऱ्या माणसाला, विचारायचो, ‘आता आधी काय करणार, सांग.’ पहिल्यांदा पोरं गडबडायची, एकजण तर रुसला होता. पण काय कळलं नाही ते तिथल्या तिथे बाहेर यायचं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा आणि ‘नोटेड सर’ हेही गेटमनच्या ‘हो साहेब’चेच भाऊ. माझा मुलगा आयटीत आहे, त्याच्या ग्रुपवर दिवसभर अंगठेच अंगठे.