अर्ध्या तासात कोणता गेम?

प्रश्न : ऑफिसातून आल्यावर लॅपटॉपवर खेळायला जेमतेम अर्धा तास मिळतो. शेतीचा ‘स्टारड्यू व्हॅली’ घेऊ की मारामारीचा ‘हेडीज’?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ‘हेडीज’ घ्या. त्यात एकेका दालनात लढत पुढे जायचं असतं; मध्येच बंद केलात तरी त्याच दालनाच्या सुरुवातीपासून पुढे खेळता येतं. सारखे मरत असाल तर सेटिंगमध्ये ‘गॉड मोड’ लावा (लाजायचं काही कारण नाही). मार 20 टक्के कमी बसतो, शिवाय दर मरणामागे आणखी 2 टक्के सूट, 80 पर्यंत. संवाद अफलातून, दालनं मात्र पुढे पुढे तीच ती वाटतात.

‘स्टारड्यू’चा दिवस साधारण 14 मिनिटांचा, पण लॅपटॉपवर तो सेव्ह होतो झोपल्यावरच. दुपारीच उठावं लागलं आणि गेम बंद केला, तर त्या दिवसाची पेरणी पाण्यात. सुरुवातीची मासेमारी तर डोकं उठवते.